कंदील अक्का, गोकुळ भाऊ तुझ्या दारावर आला होता

आधी गोकुळ भाऊचं नाव घेतो, अक्का. दोंडाईचाचा गोकुळ भाऊ. तोच, फ्लेक्सच्या दुकानवाला, रेनवाल्यांचा म्होरक्या, ज्याच्या नावाने तू बोटं मोडायचीस. तुला राग येईल. येऊ दे. तू असतीस तर म्हणाली असतीस, "पहूरवाल्या, एवढ्या दुनियेत तुला उपकार मानायला दुसरा माणूस नाही भेटला का?" नाही भेटला, अक्का. आपल्या फोनवरच्या ग्रुपात तुझा आवाज ऐकत मोठी झालेली किती माणसं होती. जळगावात राहणारी होती, धुळ्याची होती, तुझ्या गल्लीपासून रिक्षाने येता येईल अशी होती. तुझ्या घरापर्यंत एकटा तोच आला.

म्हणून पहिलं नाव त्याचं. बाकीचं आता सांगतो.

हर्षल म्हणाला, ताईशी काही बोलायचं राहिलं असेल तर लिहून पाठव. तुझा भाऊ आहे, त्याला नाही कसं म्हणू. पण नववीत शाळा सुटली त्यानंतर मी एवढं लांबलचक कधी लिहिलेलं नाही. इथे लुधियान्यात केळीच्या कोठीत काम करणाऱ्याला लिहायचं तरी काय असतं? आपल्याकडची हिरवी केळी ट्रकमधून उतरवायची, क्रेटमध्ये लावायची, थंड कोठीत गॅस सोडायचा आणि पिवळी झाली की मंडीला पाठवायची. कोठीत फोन चालत नाही. बाहेर क्रेट पालथा घालून बसलोय आणि एकेक शब्द दाबतोय. चुकलं तर तूच सांभाळून घे, पहिल्यासारखं.

पहिल्यासारखं म्हणजे त्या दिवसासारखं, जेव्हा मी ग्रुपात विचारलं होतं, "इथे काय लिहिलंय, कुणी सांगेल का?" दीपगृहाच्या जपानी चित्रगोष्टीतलं एक पान टाकलं होतं मी. मिओ दिव्यापाशी उभी आणि तिच्या तोंडाशी इंग्रजीत काहीतरी. लोक म्हणाले, इंग्लिश येत नाही तर इथे कशाला मरायला आला. एकाने बालवाडीचं पुस्तक पाठवलं. मी ग्रुप सोडणारच होतो, तेवढ्यात तुझा आवाज आला. आधी खोकलीस. मग म्हणालीस, "ऐक रे दादा. मिओ म्हणते, दिवा मी लावते, पण उजेड कुणाला दिसतो ते मला कधीच कळत नाही." आणि मग तू ते आख्खं प्रकरणच वाचून दाखवलंस. मिओ वेगळी, ताकुमा वेगळा, ती म्हातारी कोळीण तर सरळ तुझ्या गल्लीतली आजी. शेवटी विचारलंस, "कुठला तू?" पहूरचा म्हटल्यावर म्हणालीस, "अरे, जामनेर तालुक्यातला! मग लाजतो काय परक्यासारखा."

तेव्हापासून दर प्रकरण तू आवाजात टाकायला लागलीस. नुसतं माझ्यासाठी नाही, ते मला माहीत आहे. माझ्यासारखे इंग्रजी न येणारे ग्रुपात पुष्कळ होते, फक्त विचारायची हिंमत कुणाची नव्हती. कुणी सुरतेला साड्या घड्या करत ऐकायचं, कुणी शिरपूरच्या मिलमध्ये. पण मी ते माझ्यासाठीच आहे असं धरून चाललो. इकडे मला मराठीत हाक मारणारं कुणी नव्हतं. पहिल्या थंडीत ताप आला होता तेव्हा तू वाचलेलं जुनं प्रकरण कानात लावून मी पडून राहिलो होतो. हे तुला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तू आधी औषधाचं विचारलं असतंस आणि मग चिडवलं असतंस.

बाहेरच्या माणसाला हे भांडण समजवायला गेलं की आपल्यालाच लाज वाटते. जपानमधली एक चित्रांची गोष्ट. आपण पाटी धरायच्या आधीपासून चालू आहे, अजून संपलेली नाही. त्यात मिओ नावाची पोरगी बेटावरचं दीपगृह सांभाळते. ताकुमा तिच्याजवळ बेटावर राहिला. रेन कामासाठी समुद्रावर निघून गेला आणि मधूनमधून येतो. तिने कुणाशी जमवावं, एवढीच काय ती वादाची गोष्ट. अशी जोडी लावण्याला सगळीकडे शिप म्हणतात. आपल्या ग्रुपात त्याची दोन गावं झाली, ताकुमावाले आणि रेनवाले, आणि गावं म्हटली की वेस आली, शिव्या आल्या, एकमेकांच्या घरातलं काढणं आलं. कोण कुणाला काय बोललं ह्याचे फोटो काढून ठेवायचे आणि महिन्याने तोंडावर मारायचे. एका पोरीने दोन्हीकडून बोलणी खाऊन फोनच बदलला. तू ताकुमावाली. लपवलं कधीच नाहीस. मग रेनवाले म्हणायला लागले, ही बाई रेनचं बोलणं मुद्दाम मेल्या आवाजात वाचते.

खरं सांगू? थोडं वाचायचीस तू तसं.

आखाजीच्या सणाला मी घरी आलो तेव्हा तुला भेटायला जळगावात पिंप्राळ्याला आलो होतो. एकदाच भेटलो आपण. मला वाटलं होतं आवाजासारखी मोठी असशील. दारात एवढीशी मुलगी उभी, हाताला डायलिसिसच्या सुईची पट्टी. तुझ्या आईने रस आणि पुरणाची पोळी वाढली आणि तुझ्यासमोर वेगळं, बिनमिठाचं ताट ठेवलं. पाणीसुद्धा तुला मोजून. तू माझ्या वाटीकडे बघत म्हणालीस, "हळू खा, माझ्या वाटणीचं पण तूच खातोय." आणि मग ओट्यावर बसून आपलं जुंपलं.

मी म्हटलं, "ताकुमाने केलं काय? नुसता बसून राहिला. बसून राहिला म्हणून पोरगी त्याला द्यायची?"

"बसून राहणं सोपं वाटतं तुला?"

"निघून जाणं सोपं असतं का? रेन गेला तो काय हौसेने गेला? दिव्याला तेल कुठून येतं बेटावर?"

तू माझ्याकडे बोट रोखलंस. मग आत तोंड करून ओरडलीस, "आई, ह्याचा रस परत घे! रेनवाला निघाला हा! घरात साप पाळला मी."

तुझी आई दारातून म्हणाली, "खाऊ दे वं त्याले. कोण रेन आन् कोण फेन."

हसून झाल्यावर तू एक वाक्य बोललीस. "लांब गेलेलं माणूस परत येतं ना, तेव्हा त्याला वाटतं सगळं तसंच असेल. मागे राहिलेल्याचं काय काय होऊन गेलेलं असतं." मला उत्तर सुचलं नाही. गाडीत बसल्यावर सुचलं, पण ते तुला लिहून पाठवलं तर तू आख्खं प्रकरण ऐकवशील म्हणून ठेवून दिलं. पुढच्या आखाजीला समोरासमोर बोलू म्हटलं. ते उत्तर अजून माझ्याकडे आहे. आता कुणाला सांगू ते?

गोकुळ भाऊने सुरुवात गमतीने केली होती, हे तूसुद्धा मानायचीस. त्याच्या दुकानात लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फलक, श्रद्धांजलीची कार्डं, सगळं तयार पडलेलं. रेनचा एक चांगला भाग आला तर त्याने रेन आणि मिओची लग्नपत्रिकाच काढली. वर कुलदेवतेची कृपा, खाली मामा-मामी, आत्या-फुवा, 'कृपया आहेर आणू नये', हळद आदल्या दिवशी दीपगृहावर. तू पोट धरून हसलीस. "माझ्या ताकुमाला करवला तरी करा रे," असं आवाजात टाकलंस. तेव्हा वाटलं, चला, आता गोड होईल.

मग एका भागात ताकुमा मिओसाठी समुद्रात उतरला. तुझ्या बाजूचे लोक माजले. मी कुणाची बाजू घेत नाही, त्यांनीही घाण बोलायची बाकी ठेवली नाही. गोकुळ भाऊच्या दुकानाच्या पाटीचा फोटो टाकून, त्याच्या बापाच्या धंद्यावरून नाही नाही ते लिहिलं. त्याचं उत्तर म्हणून त्याने ताकुमाचं श्रद्धांजलीचं कार्ड काढलं. फोटोला हार, कडेला समया, 'भावपूर्ण श्रद्धांजली'. तेही हसण्यावारी गेलं. त्यानंतरचं कार्ड तुझं होतं.

तुझा फोटो. 'आमच्या लाडक्या कंदील अक्का यांना देवाज्ञा झाली.' खाली 'शोकाकुल : समस्त ताकुमा परिवार'.

त्या आठवड्यात तू दवाखान्यात होतीस. प्रकरण वाचायला उशीर झाला होता. लोक म्हणत होते, हिची जोडी हरली की हिची किडनी दुखते. तू दवाखान्यातूनच लिहिलंस, "फोटो तरी चांगला घ्यायचा होता." सगळे हसले. तुझ्यावर हसले की तुझ्यासोबत, ते मला तेव्हाही कळलं नाही. मग मला वेगळा फोन केलास. धाप लागत होती. म्हणालीस, "आईला यातलं काही माहीत नाही. तिला वाटतं हे सगळे माझे मित्र आहेत. मी गोष्ट वाचते आणि सगळे वाट बघतात, एवढंच तिला माहीत आहे. तेवढंच राहू दे."

"सोड ना तो ग्रुप, अक्का."

"सोडून कुठे जाऊ? आठवड्यातून दोनदा त्या खुर्चीवर बांधल्यासारखी पडते. तेव्हा पुढच्या भागाचे आवाज डोक्यात काढत असते मी. ते गेलं तर नुसतं मशीन उरेल."

ते कार्ड मग गोकुळ भाऊच्या हातात राहिलं नाही. पोरांनी त्याचं छोटं चित्र करून टाकलं, कुणीही दाबलं की झालं. तुला उशीर झाला, टाक कार्ड. तू कुणाला उलट बोललीस, टाक कार्ड. कुणी सकाळी शुभ सकाळ म्हटलं तरी टाक कार्ड. गोकुळ भाऊ एकदा लिहून गेला, "आते बस करा रे." त्याचं कुणी ऐकलं नाही. त्याच्याच दुकानातून निघालेलं, पण आवरायचं त्याला जमेना.

आणि एका दुपारी खरं कार्ड आलं.

हर्षलने तुझ्याच फोनवरून टाकलं. बिचाऱ्याला वाटलं, ताईची सगळ्यात जास्त माणसं इथेच. घराबाहेर लावायला चौकातल्या दुकानातून घाईत केलेलं कार्ड. तुझं पूर्ण नाव मी त्यावर पहिल्यांदा वाचलं. अंत्ययात्रा राहत्या घरून, अमुक वेळी. मी कोठीतून बाहेर आलो होतो, हात गारठलेले, फोन उघडला आणि तेच दिसलं. त्याच्या खाली हसरी तोंडं. एकाखाली एक, एकाखाली एक, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसणारी. 'ह्या वेळचं डिझाईन भारी.' 'पत्ता पण टाकला, एक नंबर.' 'उत्तरकार्याला, गंधमुक्तीला जेवायला काय आहे?' 'गोकुळ भाऊ, तुमचंच काम ना?'

मी तुला फोन लावला. तुझ्या आईने उचलला. मागून रडण्याचा आवाज येत होता आणि तिचा आवाज मात्र कोरडा होता.

"कोण? पहूरवाला का?"

"हो आई."

"तुह्यं नाव आहे हिच्या फोनात. तू सांग मले. हर्षलने ताईचं कार्ड टाकलं ना तिच्या लोकांमधी, तं हे लोकं काबरं हासून राह्यले रे बाबा?"

अक्का, काय सांगायचं होतं मी? तू मला गप्प राहायला सांगून गेलेली. मी म्हटलं, आई, चुकून दाबलं जातं. बटणं जवळजवळ असतात. ती म्हणाली, "एवढ्या साऱ्याचं चुकलं?" मग म्हणाली, "माही पोरगी वाईट वागत होती का त्यायच्याशी?"

हेच मला खातं आहे. तू गेलीस ते एक. पण ज्या बाईने तुला मिठाचा खडा न देता एवढी वर्षं जगवलं, ती तुझ्या प्रेतापाशी बसून माझ्यासारख्या परक्या पोराला विचारते की माझी पोरगी वाईट होती का. मी नाही नाही म्हणत राहिलो. तिला ते पटलं नाही. पुरावा तिच्या हातात होता, आणि तो वाढत चालला होता.

मी ग्रुपात लिहिलं. खरं आहे, मी आत्ता तिच्या आईशी बोललो. उत्तर आलं, 'चमचा आला.' दुसरा म्हणाला, 'तू तर रेनवाला ना, अक्काच सांगायची, मग का रडतोस?' तिसऱ्याने लिहिलं, 'पुरावा टाक.' कसला पुरावा, ते मी विचारलं नाही. कुणीतरी विचारलंच, आणि त्याने जे सांगितलं ते मी इथे लिहिणार नाही.

सुट्टी मागितली. मालक वाईट माणूस नाही, पण ट्रक लागलेले होते आणि निघालो असतो तरी तुला बघायला पोचलो नसतो. क्रेट उतरवायचे सोडून मी फोन धरून बसलो होतो. पंजाबी पोरं विचारायला लागली, काय झालं, कोण गेलं, बहीण का? मी हो म्हटलं.

मग मी गोकुळ भाऊला वेगळं लिहिलं. का लिहिलं माहीत नाही. त्याचं ऐकतील असं वाटलं. "भाऊ, अक्का खरंच गेली. तिची आई ती हसरी तोंडं बघत बसली आहे." वाचल्याची खूण आली. बऱ्याच वेळाने एवढंच आलं, "घर कोठे शे तिनं?"

मी पत्ता दिला. दिल्यावर लगेच पस्तावलो. वाटलं, हे काय केलं मी? ज्या माणसाने तुझ्या फोटोला जिवंतपणी हार घातला त्याला तुझ्या घराची वाट दाखवली. तो जाऊन व्हिडिओ काढेल, पुरावा म्हणून टाकेल, पोरं अजून हसतील. रात्रभर त्याला फोन लावला. बंद होता.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने तो दोंडाईचाहून जळगावला आला. पुढचं मला हर्षलने सांगितलं.

आपल्याकडे माणूस गेलं की दारावर जावं लागतं, हे काय तुला सांगायचं. बोलचाल बंद असलेला भाऊबंदसुद्धा येतो, सतरंजीवर बसतो, काही न बोलता उठून जातो. न येणाऱ्याचं नाव राहतं. गोकुळ भाऊ तसाच आला. चपला काढल्या, पुरुषमाणसांत खाली मान घालून बसला. तुझ्या एका काकांनी विचारलं, "कोन गावना?" तो म्हणाला, दोंडाईचा. "काय नातं?" तर म्हणे, "नातं नही. ती वाचे, मी आयकू."

तेवढ्यात तुझी आई दारात आली. हातात तुझा फोन. ज्याने त्याने यावं आणि तिने तेच विचारावं, असं चाललं होतं म्हणे. नातेवाईक नजर चुकवत होते. कुणाला काही कळतच नव्हतं. तिने त्यालाही विचारलं, "तू त्या फोनातला का रे? मंग सांग, हे काबरं हासून राह्यले?"

गोकुळ भाऊ उभा राहिला. म्हणाला, "माय, त्या मन्हामुळे हासी राह्यनात. तिनं खोटं श्रद्धांजलीनं कार्ड मीच बनाडेल व्हतं. आते खरं उनं तरी त्यास्ले खोटंच वाटस. तुनी पोरनी काही चूक नही."

सगळ्या बसलेल्या माणसांसमोर. पळून जायला जागा नाही अशा ठिकाणी. हर्षल त्याच्या अंगावर धावला, त्याच काकांनी मनगट धरून त्याला खाली बसवलं. तुझी आई त्याच्यासमोर गेली.

"जिती असताना छापलं तू?"

"हाव, माय."

"तिने पाह्यलं?"

"पाह्यं."

"मंग काय म्हणली?"

"म्हणे, फोटो तरी चांगला घेवाना व्हता."

हर्षल म्हणतो, तू गेल्यापासून आईच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, ती तेव्हा रडली. उंबऱ्यावर बसून रडली. कारण ते बोलणं तुझंच होतं, दुसऱ्या कुणाला सुचलंच नसतं. रडून झाल्यावर पदराने तोंड पुसलं, आत गेली, आणि आखाजीच्या वेळचा तुझा फोटो घेऊन आली. निळ्या ओढणीतला. त्याच्या हातात दिला आणि म्हणाली, "हा चांगला आहे. गंधमुक्तीचं कार्ड तूच कर. आन् आता नीट कर."

त्याने ओट्यावर बसूनच ग्रुपात लिहिलं. जसंच्या तसं टाकतो. "मी पिंप्राळाले उनू. अक्काना दारवर बठेल शे. बठ्ठं खरं शे. पहिलं खोटं कार्ड मन्हं व्हतं, हाई खरं शे. हासेल तोंडं पुशी टाका." चित्र नाही, व्हिडिओ नाही, पुरावा नाही. त्याचं नाव आणि एवढंच.

तोंडं जायला लागली. एकेक करून. तुझी आई फोन मांडीवर घेऊन ती जाताना बघत होती. काही तासांनी त्यांच्या जागी हात जोडलेले आले, फुलं आली, रडके चेहरे आले. काही जणांनी लाज वाटून ग्रुपच सोडला, ते हसरं तोंड पुसायचंही विसरून. तेवढी राहिली आहेत, अक्का. हर्षलने आईला दाखवली नाहीत. म्हणाला, फोन बिघडला. आता खोटं बोलायची पाळी त्याची.

तुला वाटेल, मग सगळे सुधारले असतील. नाही गं. गंधमुक्तीच्या आधीच नवा भाग आला. पहिल्या तासात दोन गावं परत उभी राहिली. कुणी म्हणालं, 'आता अक्का नाही तर निदान रेनला न्याय मिळेल.' लिहिणाऱ्याला वाटलं असेल की तो प्रेमाने बोलतोय. आणि गोकुळ भाऊला दोन्हीकडून पडली. तुझे लोक म्हणाले, खुनी आहे. त्याचे लोक म्हणाले, विकला गेला, शत्रूच्या दारात जाऊन नाक घासलं. आता त्याच्या फोटोला हार घालून कार्ड फिरतंय. दुकानाच्या नंबरवर फोन येतात, 'तुमच्या आईचं कार्ड छापायचं आहे, किती घ्याल?' त्याची आई दुकानात पैशांची पेटी सांभाळते. कधी कधी फोन तीच उचलते.

मी त्याला म्हटलं, भाऊ, नंबर बदला. तो म्हणाला, "पाटीवर छापेल शे, कशा बदलू? गिऱ्हाईक कोठे जाई?"

नवा भाग मला कळलेला नाही. चित्रं पाहिली. मिओ जिन्यावर बसली आहे, कुणाशी तरी बोलते आहे, समोरचा माणूस अंधारात आहे. तिच्या तोंडाशी चार ओळी आहेत. कुणाला विचारावं असं वाटलं नाही. आता कुणी बालवाडीचं पुस्तकही पाठवणार नाही, सगळे फार गोड बोलतात माझ्याशी. तू त्या चार ओळी कशा वाचल्या असत्या, ते मी मनात लावून बघतो. ताकुमा असेल तर तू रंगून वाचलं असतंस. रेन असेल तर मेल्या आवाजात. त्या आवाजासाठीसुद्धा मी आता काहीही देईन.

तुझे उपकार कुठे ठेवू ते मला कळत नाही. शाळेने जे वाचायला शिकवलं ते मी विसरून गेलो होतो. तू प्रकरण संपलं की म्हणायचीस, "आता शेवटची ओळ तू म्हण." मी अडखळायचो, तू थांबायचीस, कधी घाई केली नाहीस. तुझ्याकडे वेळ कमी होता आणि तू तो माझ्या अडखळण्यात घालवलास. हे आज कळतं. तुझं फेडायला आता तू नाहीस. आणि गोकुळ भाऊला माफ करायचं की नाही, ते मी ठरवणारा कोण? ते तू ठरव, तुझी आई ठरवो. मला फक्त एवढं माहीत आहे की ज्या प्रश्नाला मी घाबरून बटणांची गोष्ट सांगितली, त्याला तो उभा राहून खरं उत्तर देऊन आला. तुझी आई आता कुणाला विचारत नाही की माझी पोरगी वाईट होती का.

हे त्याचं मी फेडीन, अक्का. आज माझ्याने होत नाही. पण एक दिवस त्याची आई दुकानातल्या त्या फोनवरून मान वर करून विचारेल, लोक माझ्या जिवंत लेकाच्या मरणावर का हसतात म्हणून. तेव्हा रेल्वे मिळाली तर रेल्वेने, नाही मिळाली तर परतीच्या रिकाम्या ट्रकमध्ये बसून मी दोंडाईचाला जाईन. चपला काढून तिच्यासमोर उभा राहीन आणि सांगेन, माय, तुझा लेक काय करून बसला ते मला माहीत आहे, आणि त्यानंतर तो पिंप्राळ्याला कुणाच्या दारात जाऊन काय बोलला, तेही मला माहीत आहे.